रंग अजून ओला आहे

"थांब! कोरडं फडकं लावू नकोस."

आत्याने माझ्या हातातून फडकं ओढून घेतलं. तिच्या नव्या गाडीच्या बॉनेटवर धूळ दिसली म्हणून मी नुसतं झटकायला गेलो होतो.

"धूळ म्हणजे काय असते? बारीक वाळू. कोरडी पुसलीस की रंगावर ओरखडे उठतात. आधी वरून पाणी सोडायचं, वाळू वाहून जाऊ द्यायची, मग हात लावायचा. पँट दुमड. बूट काढ."

"आत्या, मी गाडी धुवायला नाही आलो."

"मग कशाला आलायस?"

मी कशाला आलोय हे तिला चांगलं माहीत होतं. दुसऱ्या दिवशी साताऱ्याला माझ्या चुलतबहिणीचं, अवंतीचं लग्न होतं. कराडहून सगळे बसने निघणार होते आणि नवरी आत्याच्या नव्या गाडीतून. हे वर्षभर ठरलेलं होतं. ठरवलंही आत्यानेच होतं. पाटबंधारे खात्यात नकाशे काढायच्या कामातून निवृत्त झाल्यावर ती गाडी शिकली. पहिल्या परीक्षेत गाडी मागे घेताना नापास झाली, दुसऱ्यांदा पास झाली, आणि महिन्यापूर्वी ही गडद निळी गाडी घेऊन आली. "अवंतीला मांडवात मी नेणार," हे वाक्य तिने मला पुण्याला फोन करूनही ऐकवलं होतं.

आणि परवा अचानक तिने कळवलं, गाडी मिळणार नाही. रंग अजून ओला आहे.

अवंतीचे वडील म्हणजे विलासकाका, आत्याचा धाकटा भाऊ. मी लग्नघरी पोचताच त्यांनी मला बाजूला घेतलं. "पाण्याचा रंग आहे म्हणे गाडीला. फुलं बांधली की जातो म्हणे. असं असतं का रे? तू पेपरात आहेस, तुझं ऐकेल ती. जाऊन बघ. हार लावायला माणूस दुपारी येणार आहे."

मी वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. काही महिने गाड्यांची पुरवणी माझ्याकडे होती, त्यामुळे या रंगाबद्दल मला थोडंफार माहीत होतं. अर्ध्या तासात काम उरकेल अशा हिशेबाने मी तिच्या घरी आलो होतो. पंधरा मिनिटांनी मी अनवाणी उभा होतो आणि माझ्या हातात पाण्याची नळी होती.

"टपापासून खाली," आत्या म्हणाली. "धार जवळ नको. लांबून, पावसासारखी."

तिने पोर्चमध्ये दोन बादल्या मांडल्या होत्या. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी. हातमोज्यासारखं एक जाड, मऊ फडकं तिने उजव्या हातात चढवलं, शाम्पूत बुडवलं आणि टपावरून सरळ रेषेत ओढलं. मग ते साध्या पाण्यात पिळलं, पुन्हा शाम्पूत बुडवलं, पुन्हा सरळ रेषा. नकाशावर रेघ मारावी तशी.

"गोल गोल नाही घासायचं?"

"गोल घासलं की उन्हात जाळी दिसते. आणि घाण झालेलं फडकं परत शाम्पूत घालायचं नाही, म्हणून दुसरी बादली. समोरच्या मोहित्यांनी रॉकेलचा बोळा फिरवून स्वतःच्या गाडीचं पार वाटोळं केलं."

"आत्या, फुलं रंगाला नको असतील तर नुसता समोर हार घालू. दोरीने बांधू."

"दोरी घासते."

"रिबीन?"

"रिबिनीचा रंग उतरतो."

"मग काहीच नको. साधी गाडी नेऊ."

"नवरीची गाडी साधी कशी न्यायची? लोक काय म्हणतील? आणि वाटेत कुणी ना कुणी कुंकू लावणारच. ते रंगात उतरतं. चाकं सोड, चाकं शेवटी. चाकांचं फडकं वेगळं आहे."

मला कोडं पडलं. एखादी अडचण सोडवली की ती लगेच दुसरी आणत होती, आणि तिच्या अडचणी एकमेकींशी जुळत नव्हत्या. सजवली तर रंग जातो, नाही सजवली तर लोक बोलतात. ही बाई आयुष्यभर धरणांच्या कालव्यांचे नकाशे काढत आली. तिच्या बोलण्यात असा घोळ मी कधी ऐकला नव्हता.

दार पुसायला वाकलो तेव्हा मागच्या सीटवर काहीतरी दिसलं. जरीच्या कापडाची एक उशी होती. मधोमध खोलगट केलेली, अंबाडा घातलेलं डोकं टेकलं तरी गजरा चुरगळू नये अशी. शेजारी पांढऱ्या रिबिनींची पुडी होती.

"ही उशी कुणाची?"

"माझी. मान दुखते माझी."

"तू पुढे बसून चालवतेस. उशी मागे आहे."

"अभय, पेपरात तुला प्रश्न विचारायचाच पगार देतात का रे?"

"आणि रिबिनी?"

"स्वस्त मिळाल्या." ती बादलीतलं पाणी बदलायला आत निघून गेली.

मी काचेतून डोकावलो. पुढच्या सीटवर टाकी भरल्याची पेट्रोलपंपाची पावती पडली होती. चाकांत हवाही ताजी भरलेली वाटली. न जाणाऱ्या गाडीची इतकी तयारी कशासाठी? तिचं कुणाशी भांडण झालंय का, असाही विचार आला. पण लग्नघरी कुणी तसं बोललं नव्हतं. सुनंदाकाकू, म्हणजे अवंतीची आई, तर उलट म्हणाली होती, "परवाच भेटून आले वन्संना. छान बोलल्या. चहा केला."

आत्या बाहेर आली तेव्हा मी सरळच विचारलं. "कुणी काही बोललं का तुला?"

"कोण काय बोलणार?"

"मग अवंतीवर राग आहे?"

तिचा हात थांबला. "तिच्यावर? वेडा आहेस का? ती दोन वर्षांची होती तेव्हापासून…" पुढचं तिने सोडून दिलं आणि बॉनेटच्या कडेला चिकटलेल्या पक्ष्याच्या विष्ठेवर ओलं फडकं ठेवलं. "हे घासायचं नसतं. भिजू द्यायचं. आपोआप सुटतं."

तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. विलासकाका मागे बसले होते. चालवणारा चाळिशीतला, पांढऱ्या शर्टातला माणूस होता. काकांनी ओळख करून दिली, "हा संपत. आपल्या बँकेतल्या साहेबांची गाडी चालवतो." संपतने आत्याला नमस्कार केला, गाडीला एक फेरी मारली आणि जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. "लई भारी ठेवलीय गाडी. पण पाण्याचा रंग म्हणताय, मग पावसाळ्यात पांढरी हुईल की ओ."

"चेष्टा नको," काका म्हणाले. "काय झालं रे अभय? काय ठरलं?"

मी नळी बंद केली. या प्रश्नाचं माझ्याकडे नेमकं उत्तर होतं आणि ते मी दिलं.

"काका, रंगाला काही होत नाही. पाण्याचा रंग म्हणजे धुतला की जाणारा रंग नव्हे. रंग पातळ करायला आधी थिनर वापरायचे, आता पाणी वापरतात, एवढाच फरक. कारखान्यात भट्टीत वाळवतात आणि त्यावर पारदर्शक थर देतात. गाडी हातात येते तेव्हा ओलं काही नसतं. हार घाला, रिबिनी बांधा, फक्त चिकटपट्टी लावू नका. कुंकू लागलं तर त्याच दिवशी शाम्पूने धुवून टाका. ही आत्ता धुतेय तशीच."

"झालं तर मग!" काकांचा चेहरा उजळला. "अक्का, ऐकलंस? पोरगं शिकलेलं आहे. आता कशाला अडून बसतेस?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला लागला नाही. राग नव्हता तो. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं वाटून पाय टाकावा आणि ती नसावी, तशी ती पाहत होती.

"अभय," ती हळूच म्हणाली, "तुला एवढी सगळी माहिती असेल असं वाटलं नव्हतं मला."

"संपत, चावी घे," काका म्हणाले. "आत्ताच गाडी घरी नेऊ, म्हणजे हारवाल्याला परत यायला नको. अक्का, तू आपली उद्या बसमधून बायकांबरोबर निवांत ये. गप्पा मारत."

आता मी चक्रावलो. संपत चावी का घेतोय? मी विचारणार, एवढ्यात फाटक पुन्हा वाजलं आणि अवंती आत आली.

तिला हळद लागलेली होती. पिवळी जुनी साडी, कानामागे सुकलेली हळद, कोपरापर्यंत पिवळे हात. स्कूटरच्या मुठीही पिवळ्या झाल्या होत्या.

"अगं!" काका ओरडले. "हळद लागलेली पोर घराबाहेर? आईला सांगितलंस का?"

"आई मला आंघोळीला पाठवून मेंदीवालीशी भांडतेय. मला आत्याशी बोलायचंय." ती गाडीपाशी आली. "आत्या, गाडी दे किंवा नको देऊस. पण मला खरं कारण सांग. मी काही केलं का?"

"कारण-बिरण काही नाही," काका म्हणाले. "मिटलं सगळं. गाडी येतेय. संपत आणतोय."

"संपत कोण?"

संपतने हात वर केला.

"आणि आत्या?"

भिजलेल्या बॉनेटवरून पाणी ठिबकत होतं. काका गाडीच्या चाकाकडे बघत होते.

"बाबा, आत्या का नाही चालवणार?"

"तसं नाही गं. हायवे आहे, ट्रक असतात…"

"आत्या गेल्या आठवड्यात कोल्हापूरला जाऊन आली. एकटी."

"तुझ्या आईचं म्हणणं आहे," काका चाकाकडे बघतच म्हणाले. "तिकडची माणसं दारात उभी असणार. गाडी थांबली की आधी पुढचंच दिसतं. मी नाही म्हणत हे. मला काही नाही त्याचं. पण लोक म्हणतात."

"काय म्हणतात?"

आत्याने विष्ठेवरचं फडकं उचललं, डाग सुटला का ते वाकून पाहिलं आणि उत्तर तिनेच दिलं.

"नवरा गेलेली बाई नवरीला घेऊन आली, असं म्हणतात. सांग की विलास, एवढं काय त्यात? सुनंदा परवा तेच सांगायला आली होती. सरळ नाही बोलली बिचारी. म्हणाली, वन्सं, तुम्ही दमाल, ड्रायव्हर सांगितलाय. चहाचा कप तीनदा खाली ठेवला आणि तीनदा उचलला. मला कळलं."

"मग तू सरळ नाही म्हणायचंस," मी म्हणालो. "रंगाचं कशाला?"

"कारण गाडी गेली आणि मी बसमधून गेले, तर बसमधली प्रत्येक बाई विचारणार. हेमाताई, गाडी तुमची, मग तुम्ही का नाही चालवली? त्यांना मी काय सांगू? वहिनीचं नाव सांगू? लग्नाच्या दिवशी?" तिने फडकं पिळलं. "रंग ओला आहे म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. गाडी घरी, मी बसमध्ये, सुनंदाला बोल नाही, विलासला बोल नाही. चांगलं बसत होतं सगळं."

ती माझ्याकडे बघून हे बोलली नाही. पण संपतसुद्धा माझ्याकडे बघत होता.

अवंती गाडीच्या मागच्या दारापाशी गेली आणि आतली उशी पाहत उभी राहिली. पिवळे हात तिने छातीशी धरले होते, कुठे लागू नयेत म्हणून.

"मी बसने येते," ती म्हणाली.

"नवरी बसने?" काका.

"आत्या बसने तर मी बसने."

"मग मी नक्की कुठली गाडी चालवू?" संपतने विचारलं.

"अवंती, घरी जा," आत्याचा आवाज आता कडक झाला होता. "हा पोरखेळ नाही. तुझी आई दुष्ट नाही. तिला भीती आहे. उद्या तिकडे कुणाला ठेच लागली तरी तुला ऐकवतील, हिला कुणी आणली होती बघा. ते तुला ऐकायचंय, मला नाही. मी संध्याकाळी घरी येऊन झोपणार."

"ऐकवतील तर ऐकवू देत. पण तुला मागे ठेवून गेले तर ते मला मीच ऐकवेन. रोज." अवंतीने पदर अंगाभोवती ओढून घेतला. "आणि मी आंघोळ न करता आलेय, मला थंडी वाजतेय, लवकर काय ते ठरवा."

आत्याने पदराला हात पुसले, कमरेची चावी काढली आणि संपतपुढे धरली. "घे बाबा. विषय संपव."

संपतने हात मागे घेतला. "काका सांगतील तसं, बाई."

काकांनी स्वतःच चावी घेतली. ती त्यांनी हातात उलटसुलट केली. मला वाटलं, आता ते संपतला देणार. त्यांच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. एका बाजूला त्यांची बायको आणि मुलीचं सासर, दुसऱ्या बाजूला बहीण.

"अक्का," ते अखेर म्हणाले, "उंब्रजच्या पुढे ट्रक फार असतात. जमेल?"

"तुला सायकल कुणी शिकवली?"

"तू. पण मी पडलो होतो. गुडघ्याला खूण आहे अजून."

"तू पडलास. मी नव्हते पडले."

काका हसले नाहीत. त्यांनी चावी तिच्या हातात ठेवली आणि संपतला म्हणाले, "तू उद्या बसबरोबर चल. सामान उतरवायला माणूस लागतोच." मग माझ्याकडे वळले. "सुनंदाला मी सांगतो." दोन पावलं गेले आणि थांबले. "तू चल माझ्याबरोबर."

काकूला त्यांनी नेमकं काय सांगितलं ते मला कळलं नाही. मला बाहेर ओसरीवर बसवून ते आत गेले. दार लोटलेलं होतं. काकूचा आवाज एकदाच वर चढला, "माझी पोर आहे ती, तुमची बहीण नव्हे!" बाहेर आले तेव्हा काका म्हणाले, "हारवाल्याला अक्काच्या घरी पाठव."

सकाळी गाडी दारात उभी राहिली. पांढऱ्या रिबिनी, समोर शेवंतीचा हार. एकही चिकटपट्टी नव्हती. आत्या चॉकलेटी रंगाच्या साध्या रेशमी साडीत चाकामागे बसली होती. अवंती मागे बसली, उशीला डोकं टेकून. मी पुढे, आत्याच्या शेजारी. काकू तबक घेऊन आली, मागच्या काचेतून तिने अवंतीला ओवाळलं, बोटं मोडली. पुढच्या सीटकडे तिने पाहिलं नाही. तशीच वळली आणि बसमध्ये जाऊन बसली.

वाटेत आत्या डाव्या लेनमधून, ठरल्या वेगाने चालवत होती. उंब्रजच्या पुढे बसने आम्हाला मागे टाकलं. खिडक्यांतून बायका हात हलवत होत्या. काकू पहिल्या खिडकीत होती, समोर बघत. मी आत्याकडे पाहिलं. तिने फक्त बसला जायला जागा दिली.

त्यामुळे आम्ही कार्यालयाच्या फाटकाशी पोचलो तेव्हा काकू आधीच तिथे उभी होती. सनई चालू होती. मुलाची आई, सावळ्या, उंच बाई, भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आल्या. त्यांच्या मागे सासरच्या सात-आठ बायका. अवंती उतरली, तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळला, पायावर पाणी पडलं. मी दुसऱ्या बाजूने उतरलो. आत्या उतरली नाही. गाडी सावलीत लावते, मग येते, असं मला म्हणाली.

मुलाच्या आईने वाकून पुढच्या काचेतून आत पाहिलं. आत्याच्या गळ्यात मंगळसूत्र नाही, कपाळावर बारीक काळी टिकली. त्या काकूकडे वळल्या आणि त्यांनी अगदी सहज विचारलं, त्यात खोच होती की नुसतं कुतूहल, हे मला ओळखता आलं नाही.

"ड्रायव्हर बाई ठेवलीय का तुम्ही?"

काका हारांच्या टोपलीपाशी एक हार हातात तसाच धरून उभे होते. काकू म्हणेल, हो. एवढं म्हटलं की झालं, पुढचं कुणी विचारणार नाही. हे उत्तर इतकं सोपं होतं की मला ते तिच्या ओठांवर दिसलंही.

काकूने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"ड्रायव्हर नव्हे," ती म्हणाली. आवाज इतका चढला की मागच्या बायकांनीही ऐकलं. "थोरल्या वन्सं आहेत माझ्या. अवंतीला त्यांनीच आणायची, असं आमचं वर्षभर ठरलेलं होतं."

मुलाची आई "असं का" म्हणाल्या आणि अवंतीला घेऊन आत निघाल्या. काकू त्यांच्या मागे गेली, मागे वळून न बघता.

मी गाडीकडे पाहिलं. काचा वर होत्या आणि सनईचा आवाज मोठा होता. आत्याने ते ऐकलं की नाही, मला आजही माहीत नाही. मी तिला कधी विचारलं नाही. ती मान वळवून, मागच्या काचेतून बघत, अगदी सावकाश गाडी मागे घेत होती.